गाळ उपसायचा दिवस

उन्हाळा पुरा कधी होतो, यावर आमच्या शिरगावात कधी वाद झाला नाही. आंबे खाऊन झाले, करवंदांनी पोरांच्या जिभा काळ्या झाल्या, चार लग्नांत जेवून आलो, तरी कुणी म्हणायचं नाही की उन्हाळा झाला. गावच्या विहिरीचा गाळ उपसला की झाला. वैशाखातल्या त्या दिवशी कुणी शेतावर जायचं नाही, कुणी अंबरनाथला कारखान्यात जायचं नाही, आणि चूल पेटायची ती एकाच ठिकाणी, विहिरीजवळच्या आंब्याखाली. पुरुष पाणी आणि गाळ ओढणार, बायका भाकऱ्या थापणार, पोरं नखशिखांत चिखलात लोळणार. आणि मी पुकारणार.

पुकारणं म्हणजे काय ते सांगते. वर्षभरात विहिरीत काय काय पडत नाही? बादल्या, तांबे, पळ्या, विळे. गाळाबरोबर ते सगळं वर येतं. एकेक वस्तू हातात धरून उंच करायची आणि विचारायचं, "कुणाची ही?" ज्याची असेल त्यानं पुढं यायचं. पण अशी हातात मिळायची नाही. कधी पडली, कशी पडली, ते सगळ्यांसमोर खरं सांगायचं आणि मग न्यायची. एका वर्षी चंद्रीची लोखंडी पळी निघाली. तिनं कबूल केलं की नवऱ्यावर फेकली होती, तो ऐन वेळी वाकला आणि पळी विहिरीत गेली. नवरा तिथंच उभा होता. त्या दिवशी लोक हसून हसून जमिनीवर बसले होते. हे असलं ऐकायलाच तर सगळं गाव जमायचं.

हे पुकारायचं काम आधी माझी सासू करायची. ती गेल्यावर माझ्याकडं आलं, कारण माझा आवाज. लोक म्हणतात, इंदुबाई बोलायला लागली की बदलापूर स्टेशनात ऐकू जातं. जातं तर जातं. मी कुणाच्या घरचं खाऊन बोलत नाही.

तर मी सांगते आहे ती चोपन्न सालची गोष्ट. त्या वर्षी मला पहिल्यांदाच वाटत होतं की या विहिरीचा गाळ कुणी काढू नये.

झालं असं. माझी एक तांब्याची कळशी होती. उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्प एकमध्ये सिंध्याच्या दुकानातून मी स्वतः निवडून आणलेली. लग्नात मिळालेली नव्हे, सासूची नव्हे, माझी. मार्गशीर्षात ती नाहीशी झाली. घर पालथं घातलं, गोठा पालथा घातला. मग माझ्या डोक्यात आलं की शेजारच्या वेणूबाईनं त्या कळशीला तीनदा "छान आहे गो" म्हटलं होतं. एकदा म्हटलं तर समजू शकते. तीनदा?

झालं, मी तशीच तिच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. "वेणे, माझी कळशी काढ," म्हटलं. ती म्हणाली, "कसली कळशी?" मी म्हटलं, "चोरटे, वर मलाच विचारतेस?" आजूबाजूच्या चार बाया बाहेर आल्या. वेणूनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

आता ही वेणू कोण? ती आणि मी एकाच उन्हाळ्यात या गावात नवऱ्या म्हणून आलो. आमच्या दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत. विहिरीवर पाणी काढायची जागासुद्धा दोघींची एकच, उंबराच्या बाजूचा दगड. वीस उन्हाळे आम्ही पापड एकत्र केले. पीठ तिनं मळायचं; कुटायचं आणि लाटायचं मी. पापडखार किती घालायचा ते तिच्या हाताला कळायचं, मला नाही. त्या चैत्रात मी एकटीनं पापड केले. आमच्या घरधन्यांनी एक खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्याले. त्यांचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना कोंडाजी म्हणतं, या गोष्टीपुरतं मीही म्हणते.

मग चैत्र संपता संपता विहिरीचं पाणी उतरलं. एका सकाळी मी पोहरा सोडताना खाली वाकले, तर उंबराच्या मुळापाशी पाण्यातून तांब्याचा काठ चमकला. माझीच कळशी!

आणि मला सगळं लख्ख आठवलं. कळशी भरून मी काठावर ठेवली होती. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस माझ्या वालात शिरलेली दिसली. मी ओरडत धावले. म्हशीला हाकललं, म्हशीच्या मालकाला झोडपलं तोंडानं, त्या रागातच घरी गेले आणि कळशीचं नावसुद्धा डोक्यात राहिलं नाही. मागून काठावरून ती घसरली असणार. मला माझीच लाज वाटली. आणि मला लाज वाटली की राग येतो. तो राग मी त्या म्हशीवर काढला असता, पण ती तोवर विकली गेली होती.

तुम्ही म्हणाल, सोपं होतं. कुडापलीकडं जायचं आणि सांगायचं, वेणे, चुकले. मलाही ते कळत होतं. तीनदा तिच्या ओट्यापर्यंत गेले आणि तीनदा कोंबडी हुसकायला आल्यासारखं करून परत आले. "चुकले" हा शब्द माझ्या तोंडून जन्मात निघाला नव्हता. नवऱ्याला विचारा. आणि गाळ उपसायच्या दिवशी ती कळशी माझ्याच हातात येणार, मीच ती उंच करणार आणि मीच सगळ्या गावाला विचारणार, "कुणाची ही?" मग सांगायलाही मीच. त्यानंतर शिरगावात मला कोण पुकारू देणार? आणि वेणू? ती तर आयुष्यात माझं तोंड बघणार नाही. ही वेणूची धास्ती मोठी होती, पण तेव्हा मी स्वतःला सांगत होते की पुकारण्याची आहे.

पहिल्यांदा मी पाणी वाचवायला घेतलं. पाणी उतरलं नाही तर कळशी दिसणार नाही, असा माझा हिशेब. आठ दिवस आमच्या घरात कुणी धड अंघोळ केली नाही. कोंडाजी म्हणाले, "अगो, कारखान्यातले लोक माझ्याजवळ बसत नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही काम करायला जाता की बसायला?" पण बाकीचं गाव नेहमीसारखं पाणी उपसत होतं, तिथं माझ्या दोन हंड्यांनी काय होणार? कळशी रोज बोटभर वर येत होती.

मग म्हटलं, गळ टाकून काढावी. विहिरीत पडलेलं काढायला दोरीला बांधतात तो आकड्यांचा लोखंडी गळ. गावात कुणाकडं मागितला की पहिला प्रश्न येणार, "काय पडलं गो?" म्हणून मी कॅम्प एकला जायला निघाले. अंबरनाथपर्यंत बैलगाडी मिळाली. शिवमंदिरात महादेवाला हात जोडले, म्हटलं, देवा, एवढी कळशी गुपचूप वर येऊ दे. पुढं उन्हातून चालत गेले.

ज्याच्याकडून कळशी घेतली तोच चंदर सेठ दुकानात होता. मी गळ मागितला. तो म्हणाला, "कुएँ में क्या गिरा, बहन?"

"काही नाही."

"सब यही बोलते हैं. कुछ नहीं गिरा, पर काँटा चाहिए. परसों तुम्हारे शिरगाव का एक आदमी ले गया, उसका भी कुछ नहीं गिरा."

 उन्हातून आलेल्या माणसाला आधी पापड आणि पाणी द्यायचं, ही सिंध्यांची रीत. त्यानं ते माझ्यापुढं ठेवलं. पापड मोडून तोंडात टाकला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खार असा नेमका, वेणूच्या हातचा असतो तसा. चंदर सेठ घाबरला. "काली मिर्च तेज़ है क्या?" म्हणून विचारायला लागला. मी पदरानं डोळे पुसले, "हो, फार तिखट," म्हटलं आणि गळ घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं गाव सावलीत घोरत पडलेलं बघून मी पदराखाली गळ घेऊन विहिरीवर गेले. तर तिथं आधीच कुणीतरी वाकलेलं. कोंडाजी! त्यांनी मला पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तुम्ही इथं काय करताय?"

"पाणी किती उतरलं ते बघतोय. तू?"

"मी पण तेच बघतेय."

मग आम्ही नवरा-बायको त्या रणरणत्या उन्हात विहिरीच्या दोन बाजूंना उभे राहून बराच वेळ पाणी बघत राहिलो. आधी हलायला कुणी तयार नाही. शेवटी ते म्हणाले, "चल, चहा कर." पाठ न वळवता आम्ही दोघं खेकड्यासारखे तिरपे तिरपे घरी आलो. सेठचं ते परवाचं गिऱ्हाईक कोण ते मला कळलं, पण त्यांचं काय पडलं होतं ते काही कळेना. आणि विचारलं असतं, तर मलाही सांगावं लागलं असतं.

आता राहिला गोमा. गोमा डोंगराकडच्या वाडीतला. विहिरीत उतरावं ते गोमानंच. दरवर्षी सगळ्यांत खाली तोच असायचा, गाळ पाट्यांत भरून वर पाठवायचा. सरळ माणूस, सांगितलं तेवढं करणार. गाळ उपसायच्या आदल्या दिवशी सकाळी मी आंब्यांची पाटी घेऊन त्याच्या वाडीवर गेले.

"गोमा, उंबराच्या बाजूला एक कळशी आहे. ती वर पाठवू नको. गाळात खोल दाबून टाक."

"दाबतो, बाय," गोमा म्हणाला. का, कशाला, एक शब्द विचारला नाही. मी परत येताना महादेवाचं नाव घेतलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून गाव विहिरीवर जमलं. दोन रहाट लागले, बादल्यांची रांग लागली, दुपारपर्यंत पाणी उपसून झालं. मग गोमा उतरला आणि गाळाच्या पाट्या वर यायला लागल्या. पोरांनी लगेच एकमेकांना रंगवायला घेतलं. तिकडं आंब्याखाली वेणू भाकऱ्या थापत होती, माझ्याकडं पाठ करून.

मी पदर खोचला आणि पुकारायला लागले. रहाट ओढणाऱ्या भगवंताची घागर निघाली. त्यानं सांगितलं की कावळ्याला मारायला दगड समजून उचलली होती. कुणाचा विळा, कुणाचं कुलूप, किल्लीसकट. माझा आवाज असा लागला होता! मग पाटीतून एक बाटली आली. बूच घट्ट, गळ्याला सुतळी, आणि आत जे होतं ते पाणी नव्हतं. ती दारूबंदीची वर्षं. हातभट्टीची बाटली सुतळीनं विहिरीत सोडून गार करायची कुणाची तरी युक्ती, आणि सुतळी तुटलेली.

"कुणाची ही?"

सगळे पुरुष आभाळाकडं बघायला लागले. त्यात आमचे घरधनी सर्वांत मन लावून बघत होते. मी बाटली नीट पाहिली. माझी खोबरेल तेलाची बाटली! दिवाळीपासून शोधत होते मी ती. मी बाटली बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडं असं पाहिलं की ते रहाट ओढायला धावले.

पाट्या येत राहिल्या. माती गेली, मग वाळू आली, मग वाळूसुद्धा थोडी थोडी यायला लागली. मला वाटलं, सुटले. आणि तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. गोमा तसा हळू बोलणारा, पण रिकाम्या विहिरीत माणूस कुजबुजला तरी वर घुमतं.

"इंदुबाय! गाळ सरला गो! खाली नुसता खडक लागलाय. तुझी कळशी आता कुठं दाबू?"

 ज्या विहिरीतला सगळा गाळ काढायचा, त्या विहिरीच्या गाळात मी कळशी लपवायला सांगितली होती! एवढी अक्कल मला आदल्या दिवशी का सुचली नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

 मी कशीबशी काठाशी जाऊन म्हटलं, "गोमा, गप."

"या बाजूची त्या बाजूला ठेवून दमलो, बाय! आणि आंबे खाल्ले आम्ही, ते परत मागू नको हां!"

मग जो हशा उठला! पुरुषांनी रहाट सोडले, बाया तव्यावर भाकऱ्या विसरल्या. हसली नाही ती एकटी वेणू. कळशी पाटीतून वर आली आणि भगवंतानं ती माझ्या हातात दिली.

"पुकार की इंदुबाई," तो म्हणाला.

मी उंच केली. "कुणाची ही?"

"ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. माझ्या जन्मात मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

"माझी," मी म्हटलं. आणि मग सांगितलं सगळं. म्हैस, वाल, काठावर ठेवलेली कळशी, कॅम्पातून आणलेला गळ. सांगताना लोक हसत होते, पण मी वेणूच्या ओट्यावर जाऊन काय म्हणाले तिथपर्यंत आले आणि हळूहळू हसणं थांबलं.

वेणू उठून पुढं आली. हातांना तांदळाचं पीठ तसंच.

"इंदे, कळशी तुला दिसली कधी?"

"चैत्रात."

"मलाही," वेणू म्हणाली. "तुझी माझी पाणी भरायची जागा एकच आहे ना? रोज दिसायची. रोज वाटायचं, आज इंदी येईल. कळशी दिसली की पळत येईल ही, मी ओळखते हिला. दार उघडं टाकून पापड लाटत बसायचे मी. आणि तू गळ आणायला कॅम्पात गेलीस."

हे माझ्या काळजात घुसलं. चोरटी म्हटल्याचा तिला राग असेल, एवढंच मी धरून चालले होते. ती दार उघडं ठेवून वाट बघत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"चुकले गो," मी म्हटलं.

"काय?"

"चुकले."

"मला चोरटी म्हणालीस ते गोमाच्या वाडीवर ऐकू गेलं होतं, आणि आता तोंडातल्या तोंडात?" वेणूनं विहिरीकडं हात केला. "ए गोमा, वर ये! हिला खाली सोडा. तिथून म्हणू दे, घुमतं चांगलं."

कोंडाजी पुढं झाले. "अगो, पडेल ती. बाई माणूस विहिरीत..."

"तुमच्या तेलाच्या बाटलीचं घरी गेल्यावर बघते," मी म्हटलं. ते मागं झाले.

"आणि दोर कोण धरणार?" भगवंतानं विचारलं.

"मी," वेणू म्हणाली.

मी कासोटा घट्ट केला, कमरेला दोर बांधला आणि उतरले. दगडांत पाय ठेवायला खाचा होत्या, पण प्रत्येक खाच मी दोनदा चाचपली. दोन गडी वेणूच्या मागं दोर धरून होते, तरी मी वर बघितलं की मला तिचीच मूठ दिसायची. महादेवाचं नाव घेत घेत खडकावर टेकले. तीन बाजूंनी झरे सुटले होते. घोट्यापर्यंत पाणी, आणि इतकं गार की अंगावर काटा आला. वर बघितलं तर गोल आभाळ आणि त्याच्या कडेनं सगळ्या गावाची डोकी.

"वेणू चोर नाही!" मी ओरडले. "मी चुकले!"

विहीर दणाणली. माझ्या स्वतःच्या कानांना दडे बसले.

"नीट ऐकू आलं नाही," वेणू वरून म्हणाली.

"वेणू चोर नाही! मीच मूर्ख! मी चुकले!"

"परत."

तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला. मला रडू आलं ते आवरेचना. पाच महिन्यांचं सगळं रडू तिथं, त्या गार पाण्यात उभं राहून बाहेर आलं. वरून कुणीतरी म्हणालं, "रडतेय गो ती." वेणू म्हणाली, "रडू दे. तेवढंच विहिरीला पाणी."

मग दोर ताणला गेला.

वर आले तेव्हा वेणू काठावर दोन्ही पाय रोवून उभी होती, धापा टाकत. मागच्या गड्यांनी दोर केव्हाच सैल सोडला होता, ते नुसते बघत होते. तिच्या तळहातांची सालं निघाली होती, पिठात रक्त मिसळलं होतं. मी ते हात धरले आणि मला काही बोलता येईना. त्या दिवशी सगळ्या शिरगावानं पाहिलं की इंदुबाईला बोलता येत नाही.

"किती जड झालीस गो," वेणू म्हणाली. "मधे एकदा वाटलं, सोडून द्यावी हिला."

"मग सोडली का नाहीस?"

"आत्ताच उपसलीय विहीर. परत कोण उपसणार?"